मला काही बोलता येत नाही हं

आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन तीन जानेवारीच्या मागच्या-पुढच्या रविवारी असतं. नेमक्या तीन तारखेला घ्यायचं नाही, हे पहिल्याच वर्षी ठरलं. त्या दिवशी निम्म्या जणी नायगावला जातात. १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या ते नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. तिथं न जाता साताऱ्यात हॉलमधल्या खुर्च्या मोजत बसणं कुणालाच पटेना. खुर्च्या मोजायचं काम माझ्याकडे आहे. हजेरीचं रजिस्टरही माझ्याकडेच.

एरवी महिन्यातून एकदा जमायचं. बायकांच्या जगण्याशी नातं सांगणारं एखादं पुस्तक किंवा सिनेमा घ्यायचा आणि चहा संपेपर्यंत त्यावर बोलायचं, एवढाच आमचा उद्योग. संमेलनाला तेच जरा नटूनथटून.

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत (पेटी एका पट्टीत, आम्ही दुसऱ्या), अहवालवाचन, शाल-श्रीफळ हे सगळीकडे होतं तसंच आमच्याकडेही होतं. अहवाल मी वाचते. तो लांबतो असं मागं बसून कुजबुजणाऱ्या कोण, ते मला ठाऊक आहे. पाहुणे बहुधा चांगले मिळतात. एका वर्षी मात्र एक गृहस्थ सव्वा तास उशिरा आले आणि गृहिणींनी वेळेचं नियोजन कसं करावं यावर बोलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. संस्कार, दुसरं काय.

मी वाट बघते ती जेवणानंतरच्या खुल्या चर्चेची. सकाळी ऐंशी-नव्वद सह्या असतात आणि मसालेभात-जिलबी झाली की चाळीसेक डोकी उरतात. बाकीच्यांना नेमकं तेव्हाच लग्न असतं नाहीतर गॅसवर काहीतरी असतं. जाऊ देत. उरलेल्या चाळिसांत मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं, पदर सावरतं, माइक नको नको म्हणत शेवटी हातात घेतं आणि म्हणतं, "मला काही बोलता येत नाही हं." हे वाक्य कानावर आलं की मी पेन खाली ठेवते. दरवर्षी येतं, आणि बोलणारी दरवर्षी वेगळी असते.

'कुंकू' दाखवला त्या वर्षाचं सांगते. प्रभातचा १९३७ चा सिनेमा, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. आपटे कोरेगावचे. त्यामुळे कोरेगावहून एक आख्खी जीप भरून बायका आल्या आणि आपल्या घरचं कार्य असल्यासारख्या पुढच्या रांगेत बसल्या. हॉलला पडदे नव्हते. दहिवडीच्या भाऊंनी घोंगडी आणून खिडक्यांना लावली होती, त्यामुळे शांता आपटेंची नीरा माझ्या डोक्यात घोंगडीच्या वासासकटच राहिली आहे. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली ती पोर नवऱ्याला नवरा मानायलाच तयार होत नाही, ठाम उभी राहते. मध्ये एकदा लाइट गेली. कुणी उठलं नाही.

चर्चेत सुरुवातीला आम्ही नेहमीच्या बोलक्या बोललो. मग गोडोलीच्या एक आजी उठल्या. तेच वाक्य. आणि मग, "माझ्या थोरल्या बहिणीला बिजवराला दिली. पंधरा वर्षांची होती. त्याची दोन पोरं हिच्या बरोबरीची. तिनं नाही म्हटलं नाही. नाही म्हणता येतं, हेच तिला माहीत नव्हतं. आता तुम्ही म्हणता हा सिनेमा सदतीस सालचा. तिचं लग्न त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी झालं. एवढ्या वर्षांत आमच्या गावापर्यंत तो आला नाही बघा." आणि खाली बसल्या. आभार मानायचं माझ्याकडे होतं, ते मी विसरले.

सगळंच असं जड नसतं. कॉलेजातल्या एका मुलीनं ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'तली पानं वाचली होती. इतकी ठसक्यात वाचली, की पुढं बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "कुठल्या गावच्या गं या? पुढच्या वर्षी पाहुण्या म्हणून यांनाच बोलवा." पुस्तक १८८२ चं आहे आणि बाई बुलढाण्याच्या, असं सांगितल्यावर काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मग अजून तेच चाललंय की," एवढं म्हणून त्यांनी पिशवीतली सुपारी काढली.

पण मनात घर करून राहिलंय ते 'उंबरठा'चं वर्ष. जब्बार पटेलांचा, १९८२ चा, स्मिता पाटीलचा. घर-संसार असलेली सुलभा महिलाश्रमाची नोकरी धरून परगावी जाते, परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते आणि सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. यावर आमच्यात दोन तट पडणार हे ठरलेलंच होतं. व्यंकटपुऱ्यातल्या एक सासूबाई, मंडळाच्या अगदी सुरुवातीपासूनच्या, ताडकन म्हणाल्या, "लहान पोरगी टाकून गेली ती. आमच्यात अशी गेली असती, तर मीही परत घेतली नसती."

त्यांची सून ताटं आवरत होती. हातात जिलबीचा रिकामा ट्रे. तिथूनच म्हणाली, "मला काही बोलता येत नाही, पण आई, ती टाकून गेली नव्हती. विचारून, सांगून गेली होती. परत पण आली होती. तोवर तिची जागा भरून टाकली."

सासूबाई तिच्याकडे न बघता आमच्याकडे बघून म्हणाल्या, "पण पोरीला डबा कोण देणार?"

"सुलभाच्या सासूला येत नव्हता का डबा करता?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे सुलभाचं चाललेलंच नाही. सुनेला कराडला नोकरी लागत होती आणि घरात महिनाभर त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी दोघी पंधरा मिनिटं बोलल्या, आणि शेवटपर्यंत सुलभाबद्दलच. वेळ संपल्याची घंटा वाजवणाऱ्या आमच्या निवृत्त बाई पितळी वाटी मांडीवर घेऊन गप्प बसून राहिल्या.

आता आभार, कारण संमेलनात घाईत कुणी ना कुणी सुटतंच. नावं छापायची नाहीत असा मंडळाचा नियम आहे, ज्याचं त्याला कळेल. क्लासचा प्रोजेक्टर न कुरकुरता देणारे सर. घोंगडीवाले भाऊ. शाळेचा हॉल उघडून देणारे शिपाईमामा, ज्यांनी रविवारची सुट्टी कधी काढून दाखवली नाही. कंदी पेढ्यांचे बॉक्स दरवर्षी सांगितल्यापेक्षा एक जास्त पाठवणाऱ्या राजवाड्याजवळच्या वहिनी. वाढपी म्हणून राबणारी तीन मुलं, जी आता नोकरीला लागली तरी येतात. रांगोळी काढणाऱ्या दोघी बहिणी. कोरोनात, २०२१ साली, आम्हा सगळ्यांना मोबाइलवर संमेलनात कसं शिरायचं हे एकेकीला फोन करून शिकवणारी बँकेतली ताई. पेटीवाल्या मावशी, पट्टीचं मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका.

आणि रजिस्टर. एकीनं दुसरीची सही करायची नाही, हा माझा नियम आहे आणि त्यावरून मी भांडलेही आहे. 'उंबरठा'च्या पुढच्या वर्षी व्यंकटपुऱ्याच्या सासूबाई नातीला घेऊन आल्या. स्वतःची सही केली आणि खालच्या ओळीवर सुनेचं नाव लिहू लागल्या.

"त्या कुठायत?" मी विचारलं.

"कराडला. आज रविवारचीही ड्यूटी आहे. डबा करून दिलाय मी."

मी रजिस्टर त्यांच्याकडे जरा सरकवलं.