शहर ऐकण्यात गेलेलं वर्ष

अर्जातला पाचवा प्रश्न असा होता: तुमच्या चर्चपासून पाच मिनिटांत चालत जाता येईल एवढ्या अंतरात राहणाऱ्या, पण तुमच्या मंडळीत नसलेल्या दहा माणसांची नावं लिहा. त्याच इमारतीत मी आठ वर्षं दर रविवारी संदेश देत होतो. मला चार नावं लिहिता आली. त्यातला एक आमचा इलेक्ट्रिशियन. दुसऱ्याशी पार्किंगवरून आमचा वाद चालू होता, म्हणून त्याचं नाव पाठ.

अर्ज शहरी सेवेच्या, म्हणजे शहरात मंडळीचं काम कसं करावं याच्या, वर्षभराच्या प्रशिक्षणाचा होता. वर्ग संध्याकाळी भरायचे. निम्मे जण माझ्यासारखे पाळक, मंडळीचा कारभार बघणारे वडीलजन, संडे स्कूल चालवणारे, आणि निम्मे पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतले विद्यार्थी, विशी-बाविशीतले. ही मुलं आपल्याकडून काहीतरी शिकतील असं मला मनातून वाटत होतं, हे आताच कबूल करून टाकतो.

मी तिथे गेलो ते एका फसलेल्या उपक्रमामुळे. आमच्या मंडळीने आजूबाजूच्या मुलांसाठी मोफत शिकवणी सुरू करायची ठरवली. कमिटीच्या तीन बैठका झाल्या, फळा आला, बाकं आली, रीतसर प्रार्थना करून उद्घाटन झालं. महिनाभर रोज चार वाजता आमचे दोन स्वयंसेवक रिकाम्या बाकांकडे बघत बसले. मुलं आली नाहीत. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि फळा भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. खरं कारण मला पुढे सहा महिन्यांनी कळलं. ते पुढे सांगतो.

पहिल्या संध्याकाळी शिक्षिकेने फळ्यावर तीन आकडे लिहिले. १९५० मध्ये जगातली साधारण ३० टक्के माणसं शहरात राहत होती, २०१८ मध्ये ५५ टक्के, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल. आकड्यांनी मी फारसा हललो नाही. पण त्या रात्री घरी जाताना लक्षात आलं की मला सेमिनरीत शिकवलेली पाळकपणाची सगळी चित्रं कळपाची, शेताची आणि पेरणीची होती. कोकरू हरवलं तर शोधायला कुठे जायचं ते मला ठाऊक होतं. भाडं वाढलं म्हणून खोली सोडून गेलेलं कुटुंब कुठे शोधायचं, ते ठाऊक नव्हतं. त्या वर्षी आमच्या मंडळीतून एकाच महिन्यात तीन कुटुंबं अशी गेली. आम्ही त्यांची नावं गैरहजरांच्या यादीत टाकली होती.

पहिले सहा आठवडे नुसतं चालायचं. नियम कडक होते. हातात पत्रकं नाहीत, फोटो नाहीत, कुणाला चर्चला या म्हणायचं नाही. एकच रस्ता तीन वेळा बघायचा, पहाटे, दुपारी आणि रात्री अकराच्या पुढे, आणि घरी आल्यावर वहीत लिहायचं. मला हा वेळेचा अपव्यय वाटला. मग वर्गात बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचला. त्याच्यावर मी किमान पाच संदेश दिले असतील, आणि पाचही वेळा 'चला, आपण उठून बांधू' या वाक्यावर जोर दिला असेल. त्याच्या आधीच्या ओळी मी घाईत ओलांडत आलो होतो. यरुशलेमेत येऊन नहेम्या तीन दिवस काहीच करत नाही. मग रात्री थोडी माणसं घेऊन निघतो आणि पडलेला तट बघत फिरतो. मनात काय आहे ते कुणालाही सांगत नाही. पुढे तट ५२ दिवसांत उभा राहिला. आम्हाला ते ५२ दिवस हवे होते, ती रात्र नको होती.

पहाटे साडेपाचला माझ्याच चर्चच्या दारात मला एक वेगळंच गाव भेटलं. पाळी संपवून निघालेले वॉचमन आणि पाळीवर येणारे वॉचमन एकमेकांना टॉर्च आणि किल्ल्या देत होते. ऑफिसं उघडायच्या आत झाडूपोछा उरकणाऱ्या बायका घोळक्याने चालल्या होत्या. रात्री अकराला हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक चादरी अंथरून झोपलेले दिसले. यांतल्या एकाही माणसाला रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या उपासनेला येणं शक्य नव्हतं. वेळ कुणी ठरवली, कुणाला विचारून ठरवली, हे आमच्यात कुणालाच आठवत नव्हतं.

नंतरचे दोन महिने मुलाखतींचे. प्रश्न तीनच: इथे किती वर्षं राहता, इथलं काय चांगलं आहे, आणि एक गोष्ट बदलता आली तर कोणती बदलाल. चौथा प्रश्न विचारायचा नाही. आमच्याबरोबरच्या एका वडीलजनांना हे भलतंच जड गेलं. ते दर वेळी चौथा प्रश्न म्हणून 'तुम्ही प्रभूला ओळखता का?' विचारायचे आणि समोरचा माणूस आधीच्या तिन्ही उत्तरांवर पांघरूण घालून घरात जायचा.

वहीच्या पानाला मधोमध रेघ मारायची होती. डावीकडे 'काय नाही', उजवीकडे 'काय आहे'. ही पद्धत अमेरिकेतल्या जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांच्या १९९३ मधल्या मांडणीवरून घेतलेली. वस्तीची सुरुवात तिच्या उणिवांपासून न करता तिथल्या माणसांच्या हातात काय आहे इथपासून करायची, असं त्यांचं म्हणणं. माझी डावी बाजू दोन दिवसांत भरली. उजवी बाजू रिकामीच राहिली, कारण उजवीकडचं दिसायला माणसाच्या घरात बसावं लागतं.

असाच एका घरात बसलो असताना शिकवणीचा उलगडा झाला. चर्चच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक ताई अकरा वर्षं मुलांना शिकवत होत्या. एका खोलीत, दोन तुकड्यांत मिळून जवळजवळ तीस मुलं. वेळ दुपारी चारची. आमच्या बाकांवर यायला हवी होती ती मुलं समोरच्या खिडकीत पाढे म्हणत होती, आणि पाढ्यांचा आवाज आमच्या कमिटीच्या बैठकीतही येत होता. 'तुमचा फळा येताना बघितला मी,' त्या म्हणाल्या. 'वाटलं, कुणीतरी विचारायला येईल.' मी त्यांना काय उत्तर दिलं ते वहीत लिहिलेलं नाही.

पण सगळ्यात जास्त शिकलो ते हॉस्पिटलमध्ये. दहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, पेशंट आणि नातेवाइकांबरोबर बसायचं. ज्यांना हवं असेल त्यांच्यासाठीच प्रार्थना, तीही त्यांनी म्हटलं तर. घरी आल्यावर झालेलं एक संभाषण आठवून शब्दशः लिहायचं: ते काय म्हणाले, मी काय म्हणालो, कुठे गप्प झालो, तेव्हा मला काय वाटत होतं. याला व्हर्बॅटिम म्हणतात. असं शिक्षण १९२५ मध्ये अमेरिकेत अँटन बॉयसन नावाच्या पाळकाने वुस्टरच्या मनोरुग्णालयात सुरू केलं. तो स्वतः मनोविकाराने आजारी पडून रुग्णालयात राहून आलेला होता. विद्यार्थ्यांनी पुस्तकं जशी वाचली तशी माणसंही वाचावीत, असं तो सांगायचा.

माझा दुसरा व्हर्बॅटिम एका आईबद्दल होता. तिचा मुलगा आयसीयूत होता. ती म्हणाली, 'देव आमच्यावर रागावलाय का हो?' मी लगेच बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला आठवा अध्याय सांगितला, देवाच्या प्रेमापासून आपल्याला काहीच दूर करू शकत नाही, असं सांगणारा. वर्गात हे वाचून दाखवताना मला ते उत्तर चांगलंच वाटत होतं. सुपरव्हायझरनी तिथेच थांबवलं आणि विचारलं, 'इथे घाई कुणाला होती?' मी म्हटलं, तिला आधार हवा होता. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं की मला भीती वाटत होती. मुलगा जाईल आणि माझ्याकडे उत्तर नसेल, ही भीती. वचन मी तिच्यासाठी उघडलंच नव्हतं, माझ्यासाठी उघडलं होतं.

त्याच दिवशी बावीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने तिचं पान वाचलं. पान जवळजवळ कोरं होतं. एका म्हाताऱ्या बाबांजवळ ती बारा मिनिटं नुसती बसली होती. शेवटी ते म्हणाले, 'उद्या येशील?' एवढंच. मी आठ वर्षांचा पाळक, आणि मला त्या कोऱ्या पानाचा हेवा वाटला.

पैशाचे व्यवहार, मुलांची सुरक्षितता, कुणाला कुठे पाठवायचं याची यादी, हा भाग मी भराभर उरकतो, कारण तो कंटाळवाणा आहे आणि तोच रोज लागतो. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही. स्वतःच्या खिशातून गुपचूप मदत करायची नाही. कानावर आलेलं गुपित प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली मंडळीत फिरवायचं नाही (हे आमच्याकडे किती चालतं, ते आमचं आम्हाला ठाऊक). आणि मदतीच्या बदल्यात विश्वास मागायचा नाही. यावर वर्गात कडाक्याचं भांडण झालं. मी पहिल्या सत्रात एका बाजूला होतो, तिसऱ्या सत्रात दुसऱ्या.

तक्रारही लिहितो. वाचायला दिलेल्या साहित्यातली बहुतेक उदाहरणं अमेरिकेतल्या मोठ्या शहरांची होती. जॉन पर्किन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन पाळकांचा गरीब वस्तीत स्वतः राहायला जाण्याचा आग्रह मला पटला, पण तो ज्या वंशभेदाच्या इतिहासातून आला तो समजल्याशिवाय नुसता उचलता येत नाही, आणि तो समजावून सांगायला कुणाला वेळ नव्हता. वर्षाच्या मध्यात फील्डवर्कचे सुपरव्हायझर बदलले आणि नवे येईपर्यंत पाच आठवडे आमच्या वह्या कुणी बघितल्याच नाहीत. दिवसा नोकरी करणाऱ्यांना रात्री साडेअकराला निबंध लिहायला लावून 'विश्रांतीचं महत्त्व' या विषयावर गुण देणं, हाही एक विनोदच.

परत मंडळीत आलो तेव्हा खरी परीक्षा कमिटीसमोर झाली. मी दोन गोष्टी मागितल्या: दुपारी मोकळा असलेला हॉल त्या ताईंच्या मुलांना द्यायचा, आणि पाळीवर काम करणाऱ्यांसाठी मंगळवारी दुपारी छोटी उपासना ठेवायची. शिवाय मुलाखतींमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं चर्चच्या कोपऱ्यावरचा बंद पडलेला दिवा, तर त्याचा पाठपुरावाही करायचा. आमचे ज्येष्ठ वडीलजन शांतपणे म्हणाले, 'पाळकसाहेब, आपल्याला आत्मे जिंकायचेत की दिवे लावायचेत?' सगळे हसले. मीही हसलो, पण मला बोचलं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचंही नव्हतं. मंडळी म्हणजे नुसती सेवाभावी संस्था नव्हे, ही त्यांची काळजी माझीही आहे.

मी त्यांना बायबलमधल्या तुरन्नाच्या पाठशाळेची आठवण करून दिली. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९: इफिस शहरात प्रेषित पौल दोन वर्षं तिथे रोज बोलत होता. एका जुन्या हस्तलिखितात तिथे एक जादा तपशील आहे, पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत. म्हणजे साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार, शहर उन्हात आडवं व्हायची वेळ. जागा दुसऱ्याची आणि वेळ कुणालाच नको असलेली, असं ते काम चाललं असावं. मग इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची गोष्ट सांगितली. १७४२ मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीच्या सभागृहाचं कर्ज फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी जमवायची ठरलं. बारा-बारांचे गट पाडले आणि गोळा करणारे घरोघर जाऊ लागले. पैसे गोळा करता करता कोण आजारी, कोण दारूत, कोण उपाशी ते कळू लागलं, आणि कर्जफेडीच्या त्या गटांचे क्लास मीटिंग, म्हणजे एकमेकांची विचारपूस करणारे छोटे आठवडी गट, झाले. वडीलजन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हॉल द्या. मंगळवारचं बघू. दिव्याचं तुम्ही बघा.'

हॉलमध्ये आता मुलं बसतात. ताई उपासनेला येत नाहीत, आम्ही बोलावलेलं नाही, आणि आमचा फळा भिंतीकडे तोंड करून नाही. मंगळवारी पहिल्यांदा सात जण आले, पुढच्या वेळी तीन. आता कधी पाच, कधी नऊ. त्यातला एक वॉचमन पहिला अर्धा तास बहुधा झोपतो आणि आम्ही त्याला उठवत नाही. दिव्यासाठी चार अर्ज झालेत. वडीलजनांनी पाचव्यावर स्वतः सही केली. दिवा अजून बंद आहे.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी पहिला अर्ज परत दिला आणि पाचवा प्रश्न पुन्हा सोडवायला सांगितला. मी चौदा नावं लिहिली. सुपरव्हायझरनी यादी वाचली आणि विचारलं, 'हे सगळे अजून तिथेच राहतात?' दोघं खोली सोडून गेले होते. त्यातल्या एकाचा नवा पत्ता माझ्याकडे होता.