वाणसामानाची यादी आणि गच्चीतली कोथिंबीर

पुण्यात आमच्या चौघांच्या घरी खाण्यापिण्याचं आणि साबण-पावडरीचं मिळून महिन्याला 14,000 रुपये ठरलेले आहेत. त्याचे पाच भाग केलेत: वाणसामान 5,500, भाजी-फळं 3,500, दूध 3,000, वर्षाच्या साठवणीला 1,500 आणि सणांसाठी 500. शेवटचे दोन भाग बाजूला न काढता केलेलं बजेट आधी एप्रिलमध्ये आणि मग गणपती ते दिवाळीत मोडतं. गहू-तांदूळ, मिरची-मसाला आणि फराळाचं बेसन-साखर हा खर्च महिन्याचा नसतोच, तो वर्षाचा असतो. त्याला बारानं भागून दर महिन्याला पैसे वेगळे ठेवले की तो अंगावर येत नाही.

यादी करताना मागच्या महिन्याची यादी पुढे उतरवून काढणं हा सगळ्यात महागडा प्रकार. मी प्रत्येक पाकीट फोडताना त्यावर मार्करनं तारीख लिहिते. तीन महिने असं केलं की घरातला खरा खप समजतो. आमच्याकडे महिन्याला तेल साडेतीन लिटर, साखर 3 किलो, तूरडाळ साडेतीन किलो, बाकीच्या डाळी-कडधान्यं मिळून 3 किलो, शेंगदाणे 2 किलो, चहा पाऊण किलो लागतो. तेलाचा आकडा पडताळून पाहता येतो: माणशी दिवसाला 25 ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला 3 किलो, म्हणजे 3.3 लिटरच्या आसपास. खप याच्या दीडपट निघाला तर तळण किती होतंय ते आधी बघावं, तेलाचा भाव नंतर. महिनाअखेरीला डबे उघडून शिल्लक मोजायची, खपातून वजा करायची आणि उरेल तेवढंच यादीत लिहायचं. डबे पारदर्शक असतील तर हे काम दहा मिनिटांचं आहे.

भाव बघताना पाकिटाची किंमत न बघता किलोचा भाव बघायचा. तेलात हे फार महत्त्वाचं आहे. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं, पण शेजारीच त्याच आकाराची 850 किंवा 800 ग्रॅमची पाकिटं असतात आणि ती स्वस्त वाटतात. डबा घेताना तो 15 लिटरचा आहे की 15 किलोचा, हे विचारावं. 15 लिटर तेल सुमारे साडेतेरा किलोच भरतं, त्यामुळे दोन डब्यांत जवळजवळ दीड किलोचा फरक पडतो. दुसरी गोष्ट कराची. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर तो नाही आणि 25 किलोवरच्या कट्ट्यावरही नाही. भुसार दुकानातून सुटी डाळ घ्यायची तर मूठभर हातावर घेऊन बघावी. पीठ सुटत असेल किंवा दाण्याला बारीक भोक दिसत असेल तर ती डाळ साठवणीची नाही.

साठवणीचा माल मार्च ते मे या काळात भरायचा, नवा गहू आलेला असतो आणि ऊन कडक असतं तेव्हा. आम्हाला महिन्याला 18 किलो गहू लागतो, म्हणजे वर्षाला दोन क्विंटलच्या थोडा वर. गहू दोन दिवस कडकडीत उन्हात घालायचा, दाताखाली कटकन फुटला की वाळला असं समजायचं. तो गरम असताना डब्यात भरू नये. रात्रभर पसरून गार होऊ द्यावा, नाहीतर डब्याच्या आत घाम सुटतो आणि पावसाळ्यात तिथूनच बुरशी धरते. तांदळाला मात्र कडक ऊन दाखवू नये, दाण्याला तडे जातात आणि शिजवताना कण्या होतात. तो सावलीत पसरावा. तूरडाळीला ऊन देऊन किलोला एक चहाचा चमचा एरंडेल तेल चोळावं. धुताना निघून जातं. डब्यात कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर तो पूर्ण वाळलेलाच हवा, ओलसर पाला उलट ओल आणतो. दळण उन्हाळ्यात 10 किलोचं चालतं, पावसाळ्यात पाचच्या वर नको, पिठाला जाळी धरते.

कांदा-लसणाचंही तसंच. मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदा चार-सहा महिने टिकतो. दिवाळीच्या आसपास येणारा लाल कांदा टिकत नाही. साठवलेला माल संपत येतो आणि नवा पुरेसा आलेला नसतो, त्या ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या खिंडीत भाव चढतात. म्हणून मे महिन्यात 25 किलो कांदा घ्यावा: मान बारीक, पात पूर्ण वाळलेली, वरचं साल घट्ट. जाड मानेचा कांदा आधी सडतो आणि शेजारच्यांना घेऊन जातो. तो जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगावा, बटाट्यांपासून लांब. आठवड्याला एकदा पिशवी हलवून मऊ झालेले काढून आधी वापरायचे. लसूणही एप्रिलमध्ये चार-पाच किलो घेऊन टांगून ठेवते.

आता भाजी. आठवड्याला 800 रुपये मंडईत घेऊन जायचे आणि महिन्याचे उरलेले 300 बागेच्या खर्चाला ठेवायचे. गच्चीत काय लावायचं हे ठरवताना मी एकच कसोटी लावते: जी भाजी आपण थोडी थोडी, वारंवार विकत आणतो आणि जिचा बराच भाग फ्रिजमध्ये सडतो, ती घरी. कोथिंबीर, कढीपत्ता, हिरवी मिरची, पुदिना, गवती चहा, अळू, पालक, मेथी ही त्यात बसतात. कोबी, फ्लॉवर, बटाटा, कांदा कधीच बसत नाहीत. एका कोबीला तीन महिने एक पिशवी अडकते आणि हिवाळ्यात तोच कोबी मंडईत अगदी स्वस्तात मिळतो. गच्चीतल्या बागेबद्दल उत्साहानं सांगणारे लोक हे गणित सहसा मांडत नाहीत, म्हणून इथे ठामपणे लिहिते.

बागेची सुरुवात वजनापासून. 12 बाय 12 इंचाच्या पिशवीत 20-22 लिटर मिश्रण बसतं आणि पाणी दिल्यावर ती 20 ते 25 किलोची होते. पंधरा पिशव्या म्हणजे साडेतीनशे किलो. त्या गच्चीच्या मधोमध न ठेवता कठड्याच्या किंवा तुळईच्या रेषेत मांडाव्यात आणि खाली विटा ठेवाव्यात, म्हणजे पाणी वाहून जातं आणि स्लॅबला ओल धरत नाही. मिश्रण निव्वळ काळ्या मातीचं करू नये. ती वाळली की भेगा पडतात आणि भिजली की चिकट होऊन मुळांना हवा मिळत नाही. चार भाग लाल माती किंवा पोयटा (गाळाची माती), तीन भाग पूर्ण कुजलेलं खत, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून पहिलं पाणी पिळून टाकावं, त्यात क्षार असतात. पिशवीच्या तळाला तीन-चार इंच सुका पाला घातला की वजन कमी होतं. दोन महिन्यांत मिश्रण पाव भाग खाली बसतं, तेव्हा वरून खताची भर घालायची.

कोथिंबिरीवर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बजेटला खरा हातभार तिचाच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं शेतातली कोथिंबीर झोपते आणि जुडीचा भाव कुठल्या कुठे जातो. किराण्यातले धने चालतात, पण जुने असतील तर उगवत नाहीत. वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून बघावेत, दहा-बारा दिवसांत निम्म्याहून अधिक उगवले तरच ते वापरावेत. धने चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडायचे, म्हणजे एकाचे दोन होतात. पार चुरा झाला तर बी मरतं. मग रात्रभर भिजवून, पाणी निथळून, सहा ते आठ इंच खोल ट्रेमध्ये अर्धा इंच मातीखाली पेरायचे. एक चौरस फुटाला आठ-दहा ग्रॅम पुरतात. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात; बहुतेक लोक आठव्या दिवशी कंटाळून माती उकरतात. पस्तीस-चाळीस दिवसांनी कापणीला येते. मुळासकट न उपटता बाहेरच्या काड्या कापल्या की आणखी एक कापणी मिळते. दर दहा-बारा दिवसांनी नवा ट्रे, असे चार ट्रे फिरते ठेवले तर बाहेरून जुडी आणावी लागत नाही.

दोन ठिकाणी ती फसते. एप्रिल-मेच्या उन्हात उगवण कमी होते आणि उगवली तरी लगेच फुलावर जाते, तेव्हा ट्रे 50 टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं. पावसाळ्यात उलट होतं: रोपं जमिनीलगत नरम पडून कोलमडतात. हा मर नावाचा रोग आहे, आणि कारण साचलेली ओल. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रे पत्र्याखाली किंवा पारदर्शक प्लास्टिकखाली हलवावेत, मिश्रणात पाव भाग जाड वाळू घालावी आणि बी दाट पेरू नये.

मेथी सोपी आहे. डब्यातली मेथी सहा तास भिजवून फेकून पेरायची, तीन-चार दिवसांत उगवते आणि वीस-पंचवीस दिवसांत खुडायला येते. पालकाची पहिली कापणी महिन्याभरात, बुडाशी दोन इंच ठेवून. त्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा, अशा चार कापण्या होतात. पालेभाजीला तीन-चार तासांचं ऊन पुरतं, त्यामुळे गच्ची नसलेल्यांच्या बाल्कनीतही ती येते. मिरची, टोमॅटो, वांगी यांना मात्र पाच-सहा तास ऊन हवंच, त्याखाली फक्त पानं वाढतात.

मिरचीची चार झाडं एका घराला पुरतात. रोप 30-35 दिवसांचं झालं की लावायचं, पुढे दोन-सव्वादोन महिन्यांत तोडा सुरू होतो. तिचा खरा शत्रू बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळणं. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली तर फुलकिडे आहेत, खालच्या बाजूला वळून देठ लांबले तर कोळी नावाची बारीक कीड. हा फरक ओळखला नाही तर फवारणी वाया जाते. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि लिटरला 5 मिली निंबोळी तेल, त्यात 1 मिली भांड्यांचं द्रव साबण, संध्याकाळी आणि पानांच्या खालून. कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम; पण ऊन 35 अंशांच्या वर असेल किंवा नुकतंच तेल फवारलं असेल तर गंधक वापरू नये, पानं भाजतात. पिवळसर होऊन आकसलेलं, वाढ खुंटलेलं झाड विषाणूनं गाठलेलं असतं. ते उपटून टाकावं, वाचत नाही.

टोमॅटोच्या दोन झाडांपलीकडे मी जात नाही. फळाचं बूड काळं पडतं तो रोग नव्हे. पाणी कधी खूप, कधी काहीच नाही, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. रोज ठरल्या वेळी पाणी आणि वर सुक्या पाल्याचं आच्छादन, हा त्यावरचा इलाज. टोमॅटो महागतो तेव्हा बजेट बागेनं सावरत नाही, स्वयंपाकानं सावरतं. जुलै 2023 मध्ये भाव किलोला शंभराच्या पुढे गेले होते आणि केंद्र सरकारला काही शहरांत 90 रुपयांनी टोमॅटो विकावे लागले. आमटीला चिंच किंवा आमसूल, रश्शाला कैरीची फोड, हे आपल्याकडे आधीपासून आहेच. जानेवारी-फेब्रुवारीत टोमॅटो स्वस्त असताना पाच-सहा किलो शिजवून, गाळून, वाटीवाटीनं गोठवलं तर पुढचे दोन-तीन महिने निघतात.

वेलांपैकी दोडका आणि दुधी पावसाळ्यात चांगले येतात, पण पिशवी मोठी हवी, 18 इंचांची. लहान फळं पिवळी पडून गळतात याचं कारण बहुधा परागीभवन न होणं. दोन्हींची फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मागे छोटं फळ असलेल्या मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावं. कारल्याचं फूल पहाटे उमलतं, त्यामुळे ते काम सकाळी. फळ अंगठ्याएवढं झालं की कागदी पिशवी बांधावी, नाहीतर फळमाशी टोचते आणि आत अळ्या होतात.

खत घरचंच. ओल्या कचऱ्यावर दुप्पट सुका पाला, हे माप चुकलं की वास येतो आणि माश्या होतात. लिंबाची सालं आणि शिजवलेलं तेलकट अन्न त्यात नको. छिद्रं पाडलेल्या दोन बादल्या आलटून पालटून भरल्या तर पावणेतीन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं.

पहिल्या वर्षी पिशव्या, माती, जाळी यांवर चार हजारांच्या आसपास जातात आणि ते पहिल्या वर्षातच वसूल होतील अशी अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्या वर्षी पाल्याच्या भाज्या, मिरची आणि कोथिंबीर मिळून महिन्याला चार-पाचशे रुपयांची भाजी घरची येते, पावसाळ्यात त्याहून अधिक. ती रक्कम मी मंडईच्या पैशांतच ठेवते आणि तिची फळं आणते. महिनाअखेरीला वाणसामानातून जे उरतं ते मात्र थेट साठवणीच्या पाकिटात जातं, कारण एप्रिलमध्ये गव्हाचा भाव किती निघेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही.