अप्पांचं "थोडंसं" दुखणं

अप्पांना प्रोस्टेटचा (पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर, बोन स्कॅनमध्ये कमरेच्या मणक्यात आणि खुब्यात पसरलेला दिसला. तीस वर्षं यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस, दुखतंय का विचारलं की "काय नाही रे, थोडं धरलंय" एवढंच. खरं काय ते आम्हाला कळलं ते जेवणावरनं. मांडी घालून बसायचं सोडून दिवाणावर बसून कडक भाकरी आमटीत चुरायला लागले.

डॉक्टरांनी दुखण्याचा ० ते १० मधला आकडा विचारला, अप्पा म्हणाले २, तर आई मागनं म्हणती, कूस बदलताना विचारा की ओ, ३ असतंय. मग पॅरासिटामॉल ६५० चालू केली, दर सहा तासांनी, दुखो न दुखो. इथंच घोडं अडलं. अप्पांचं म्हणणं, दुखत नाही तर गोळी कशाला? आणि दुखायला लागल्यावर घेतली की लागू पडेपर्यंत कण्हत बसायचे. शेवटी मोबाईलला चार अलार्म लावले.

मधे एक घोळ माझाच. सर्दीच्या गोळ्या आणून दिल्या, त्यातपण पॅरासिटामॉल निघालं, दोन दिवस डबल चाललं होतं, पाकीट नंतर वाचलं. आणि एका मेडिकलवाल्यानं "ही जोरदार आहे" म्हणून डायक्लोफिनॅक दिली, किडनीला जड पडणारी वेदनाशामक गोळी, त्यावर डॉक्टर जाम चिडले, कारण क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, आधीच वर आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाईन द्यायची होती, तीपण किडनी बघूनच देतात. त्याआधी दातांच्या डॉक्टरकडं पाठवलं, म्हटलं हाडाचा न् दाताचा काय संबंध, तर या औषधावर असताना दात काढला तर कधीकधी जबड्याचं हाड भरूनच येत नाही म्हणे. दोन किडके दात काढले, जखम भरली, मग सलाईन. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व रोज.

दुखणं वाढलं तर तेवढ्या जागेला रेडिएशन, बऱ्याचदा एकाच बैठकीत होतं, अजून गरज पडली नाही. पण पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर मध्यरात्र असली तरी यायचं, मणक्यात मज्जारज्जू दबत असतोय, ही चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलीय.

आकडा आता अप्पा स्वतः कॅलेंडरवर लिहितात. काल १ लिहिला होता, आईनं खोडून २ केलाय.