चार वर्षांनी आलेला लिफाफा

आज एका जुन्या मित्राने उसने घेतलेले पैसे परत केले. चार वर्षं तो माझे फोन टाळत होता. आल्या आल्या, बसायच्याही आधी, त्याने लिफाफा टेबलावर ठेवला. कडा हाताळून मऊ पडलेल्या. "मोजून घे." मी म्हटलं, राहू दे रे. तर त्याने स्वतःच दोनदा मोजले, आणि मग कुठे माझ्याकडे नीट पाहिलं.

तेव्हापासून ‘पत’ हा शब्द डोक्यातून जात नाही. बँकेत हाच शब्द, अब्रूलाही हाच. जर्मनमध्ये ‘शुल्ड’ म्हणजे कर्ज आणि अपराधही. ‘क्रेडिट’च्या मुळाशी विश्वास ठेवणं आहे. आपल्या परंपरेत तर माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितरांचा ऋणी!

पण धर्मांनी देणेकऱ्याला नुसतं ओझंच दिलं नाही. बायबलच्या जुन्या करारात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायची आज्ञा आहे. कुराण व्याज निषिद्ध मानतं आणि अडचणीतल्या ऋणकोला सवड द्या, असं सांगतं. आधुनिक अर्थशास्त्राचा पाया घालणारे ॲडम स्मिथसुद्धा ग्लासगोत नैतिक तत्त्वज्ञान शिकवायचे. माणसाच्या सहानुभूतीवरचा त्यांचा ग्रंथ १७५९ चा, संपत्तीवरचा १७७६ चा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

‘सावकाश दे’ एवढे दोन शब्द मी त्याला कधीच म्हटले नव्हते. त्याचं वाईट वाटतंय.

रात्री त्याला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.