पार्किंगमधला फुटबॉल

"काका, शनिवारी फुटबॉलची मॅच बघायला या" असं साडूंचा मुलगा फोनवर म्हणाला आणि मी पडलो कोल्हापूरचा, हरखलो ना लगेच. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात करपून मोठा झालोय, पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब अशी मॅच असली की आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवायचं नाही. त्यात साडूंकडं शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधे तीन आठवडे मॉल, देऊळ, परत मॉल करून वीट आला होता. गाडीत बसल्यावर कळलं की हा तो फुटबॉल नव्हेच, हा हेल्मेटवाला. चेंडू हातात, पाय नावाला.

शिकागोकडनं हायवे ६५ धरून खाली गेलं की दोन्ही बाजूला मका, मग पवनचक्क्या, मग परत मका. आणि मधेच कुठंतरी घड्याळ एक तास पुढं उडी मारतं. इंडियाना राज्याचा वरचा कोपरा शिकागोच्या वेळेवर चालतो आणि आम्हाला जायचं होतं ते पर्ड्यू युनिव्हर्सिटीचं गाव, वेस्ट लफायेट, न्यूयॉर्कच्या. साडू वीस वर्षं अमेरिकेत आहेत तरी विसरले, नि पोरगं फोनवर "कुठाय तुम्ही, कुठाय तुम्ही" करत बसलेलं. पार्किंगचे चाळीस डॉलर दिले तेव्हा मी मनात रुपयात हिशोब केला, जो करायचा नसतो.

पण त्या पार्किंगमधेच खरी मजा होती. मॅच बाराची, आणि लोक सकाळपासून गाड्यांची डिकी उघडून, शेगड्या लावून, खुर्च्या टाकून बसलेले. याला टेलगेटिंग म्हणतात. आपल्याकडं जोतिबाच्या यात्रेला गाड्या लावून लोक जेवायला बसतात ना, अगदी तसं, फक्त नैवेद्य सॉसेजचा. पोराच्या ओळखीचे एक आजोबा होते, सत्तरीचे, काळ्या जर्सीवर सोनेरी १५ नंबर. हा इथं खेळून मोठा झालेल्या ड्रू ब्रीझचा नंबर. शेजारी त्यांचा मेव्हणा, ओहायो स्टेट या दुसऱ्या युनिव्हर्सिटीची लालभडक टोपी घालून मुद्दाम खिजवायला आलेला. मी सहज विचारायला गेलो की हा क्वार्टरबॅक म्हणजे नक्की कोण हो.

झालं, तासभर सुटका नाही.

आजोबांनी फोल्डिंग टेबलावर पाव ओळीनं मांडले, ही आमची भिंत. त्यांच्या मागं मस्टर्डची बाटली, हा क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात आला की समोरनं सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर, आणि दोन-तीन सेकंदात ठरवायचं, लांब फेकायचा, जवळ द्यायचा, का स्वतः पळायचं. बाजूला केचपची बाटली, हा रनिंग बॅक. माझ्या डोक्यात प्रकाश पडला: हा तर कबड्डीतला चढाईवाला, फक्त चेंडू काखेत.

"आणि क्वार्टरबॅक घडतात इथं," आजोबा म्हणाले. पर्ड्यूला म्हणे क्वार्टरबॅकांचा पाळणाच म्हणतात. लेन डॉसन, बॉब ग्रीसी, ड्रू ब्रीझ, तिघंही इथले आणि तिघांनीही सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगची फायनल, जिंकलेला. ग्रीसीचा मायामीचा संघ तर १९७२ च्या सीझनमधे एकही मॅच हरला नाही.

मेव्हणा सॉसेज चावत म्हणाला, "डॉसन आमच्या ओहायोचा. अलायन्स गावचा. तुम्ही फक्त शिकवलंत."

मी टाळीच वाजवणार होतो. हे भांडण मी लहानपणापास्नं ऐकतोय! गणपतराव आंदळकर सांगलीकडच्या पुनवतचे, पण घडले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत, मग पैलवान कुणाचा, गावाचा का तालमीचा? माझा चुलता आणि त्याचा मित्र यावरनं महिना महिना बोलायचे नाहीत.

मग रनिंग बॅकवर आले तेव्हा मेव्हण्यानं खुर्चीच पुढं ओढली. आर्ची ग्रिफिन, ओहायो स्टेट, १९७४ आणि १९७५. कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी दोनदा घेणारा एकच माणूस. शेजारच्या गाडीतनं कुणीतरी ओरडलं, कॅलिफोर्नियाची यूएससी विसरू नका, माइक गॅरेट, चार्ल्स व्हाइट, मार्कस ॲलन, सगळे हाइजमनवाले. दुसरा म्हणाला ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स, १९८८, एका सीझनला चेंडू घेऊन पळत २,६२८ यार्ड, बोला आता. आजोबांकडं रनिंग बॅकचं काही नव्हतं बहुतेक, कारण त्यांनी एकदम विषय फिरवला, "क्वार्टरबॅक जो बरो तुमच्याकडंच होता ना? बाकावर बसवलात. लुइझियानाच्या एलएसयूला गेला आणि २०१९ ला हाइजमन घेऊन आला." मेव्हणा गप्प. वर आजोबा म्हणतात, "एकोणपन्नास-वीस." २०१८ साली ओहायो स्टेट देशात दोन नंबरला असताना पर्ड्यूनं इथंच हाणलेला तो स्कोअर. या आकड्याला एवढी वर्षं झाली तरी घरात बाकी कुठलंही भांडण त्यावरच संपतं, असं आजोबांची बायको म्हणाली.

पोरगं मधेच शहाणपणा करायला लागलं, "काका, आता कसलं कॉलेज? खेळाडू कॉलेजं बदलतात. ओक्लाहोमाला बेकर मेफील्ड टेक्सास टेकमधनं आला, कायलर मरे टेक्सास ए अँड एममधनं, आणि २०१७, २०१८ च्या दोन्ही हाइजमन ओक्लाहोमाच्या नावावर." दोघा म्हाताऱ्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं निमूट चिप्स उचलले.

एवढ्यात आमच्या मेहुणीनं बांधून दिलेली थालीपिठं मी पुढं केली. आजोबांनी एक घेतलं, विचार केला, आणि टेबलावरचा लेन डॉसन उचलून त्यावर पिळला. दही पुढं सरकवेपर्यंत अर्धं संपलं होतं. मला राग यायला पाहिजे होता.

तेवढ्यात आजोबांची बायको पुन्हा बोलली. बाई शिकागोच्या, तिथल्या बेअर्स संघाच्या. "वॉल्टर पेटन," एवढंच. जॅक्सन स्टेट, मिसिसिपीतलं कृष्णवर्णीयांचं जुनं कॉलेज, या मोठ्या कॉलेजांच्या भांडणात त्याचं नावसुद्धा येत नाही. तिथनं आलेला गडी शिकागोसाठी १९७५ ते १९८७ खेळला आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या पळून काढलेल्या १६,७२६ यार्डांच्या पुढं एनएफएलमधे, म्हणजे त्या व्यावसायिक लीगमधे, कुणी नव्हतं. मेव्हण्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. आजोबा केचपची बाटली टेबलावर जरा पुढं सरकवून गप्प बसले.

मॅच? पर्ड्यू हरलं. मला अर्धी कळली नाही, स्टेडियममधे दर दोन मिनिटांनी खेळ थांबतो आणि जाहिराती, बाकडी अशी की पाठ धरली. येताना पवनचक्क्यांच्या पुढं कुठंतरी सकाळचा गेलेला तास परत मिळाला. त्यात मी फोनवर पेटनच्या जुन्या मॅचेस लावून बसलो, आणि साडू स्टेअरिंग धरून सारखे विचारत होते, "पुढं काय झालं, पडला का?"

"नाही पडला," मी म्हणालो, "तुम्ही समोर बघा."