एनडब्ल्यू-16 चा घोळ आणि एक धान्याचं कोठार

मंडळी, शाळा सापडली! जागा सापडलीच, आणि नशीब बघा, इमारतही सापडली. मागच्या वेळी वैतागून ‘हा विषय बंद’ असं लिहिलं होतं, ते रद्द समजा.

नव्यांसाठी एवढंच सांगते, की कॅनडातल्या अल्बर्टात, एडमंटनच्या पूर्वेला ‘कलिना कंट्री’ म्हणतात त्या भागातल्या जुन्या युक्रेनियन वस्त्यांमधल्या एकखोली शाळा आणि चर्च यांची नोंद करत मी फिरते. ‘कारागाना शाळा’ हे आपण ठेवलेलं टोपणनाव (कारागाना म्हणजे कुंपणाला लावतात ते एक झुडूप). खरं नाव आणि टाऊनशिप-रेंज, म्हणजे मोजणीतला पूर्ण पत्ता, देत नाही. जमीन खासगी आहे, आणि मालकांची तशी विनंती आहे.

घोळ असा होता. गावच्या इतिहासाच्या पुस्तकात शाळेची जागा एनडब्ल्यू-16 दिली आहे (म्हणजे 16 क्रमांकाच्या सेक्शनचा, मैलभर लांब-रुंद चौकोनाचा, वायव्येकडचा क्वार्टर) आणि पुढच्याच वाक्यात ‘चौफुलीवर’ असंही म्हटलंय. आता हा सगळा भाग प्रेअरीच्या सरकारी जमीन-मोजणीच्या तिसऱ्या पद्धतीतला. उत्तर-दक्षिण रस्ता दर मैलाला, पण पूर्व-पश्चिम रस्ता दर दोन मैलांनी. सेक्शन 16 च्या दक्षिण कडेला असा पूर्व-पश्चिम रस्ता आहे, उत्तर कडेला नाही. मग वायव्य कोपऱ्यावर चौफुली येणार कुठून? त्या कोपऱ्यावर उभं राहून मी चहूकडे पाहिलं. एकीकडे कॅनोला, दुसरीकडेही कॅनोला.

त्यात ते फुकटचे कन्व्हर्टर. क्वार्टर सेक्शनचा क्रमांक टाकला की ते त्याच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश देतात. शाळेला मिळायची जेमतेम एक-दोन एकर, तीही बहुधा कोपऱ्यात, आणि मध्यापासून कोपरा जवळजवळ 570 मीटर दूर. असले कन्व्हर्टर पेरणी करणाऱ्याच्या कामाचे असतील, आपल्या नाहीत. त्यापेक्षा छापील नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं बरं.

आणि कृपा करून ‘सेक्शन 11 आणि 29 बघितलेस का?’ हे आता कोणी विचारू नका. त्या शाळा-जमिनी होत्या म्हणजे त्या विकून शिक्षणासाठी पैसा उभा करायचा होता. शाळा तिथेच बांधायची असा नियम नव्हता. पोरांना चालत किंवा घोड्यावरून येता येईल अशी जागा मिळाली, की तिथे शाळा.

शेवटी विचार केला, की टंकलेखकाचा हात एकाच ठिकाणी घसरला असेल. मग दोनच शक्यता उरतात. सेक्शन बरोबर आणि कोपरा चुकीचा, म्हणजे एसडब्ल्यू-16 (नैऋत्य). किंवा कोपरा बरोबर आणि सेक्शन चुकीचा, म्हणजे एनडब्ल्यू-9. सेक्शनचे आकडे नागमोडी चालतात, त्यामुळे 9 हा 16 च्या थेट खाली येतो, आणि हे दोन्ही कोपरे एकाच चौफुलीवर समोरासमोर आहेत! 1950 च्या आसपासचा हवाई फोटो मोठा करून पाहिला. इमारत कुठेच दिसत नव्हती, पण रस्त्याच्या दक्षिणेला झाडांचा एक काटकोनी चौकोन होता. आपोआप उगवलेली झाडं अशी काटकोनात उभी राहत नाहीत.

तिथे जायला जूनचा मुहूर्त धरला, कारण तेव्हा कारागाना पिवळ्या फुलांनी भरतो आणि गाडीतूनही ओळखू येतो. सस्कॅचेवानातल्या इंडियन हेडला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी रोपवाटिका सुरू झाली, आणि ही काटक झुडपं तिथून प्रेअरीभर वाटली गेली. शाळा गेली, पोरं गेली, कुंपण मात्र हटत नाही. एनडब्ल्यू-9 च्या कोपऱ्यात ते तीन बाजूंनी शाबूत आहे, आत गवतात पायाचे दगड. (डिटेक्टर आणि कुदळ घरीच ठेवा. अल्बर्टात पुरातत्त्वासाठी उकरायचं तर परवाना लागतो, आणि तो असायलाच हवा.)

परवानगी मागायला मालकांच्या घरी गेले, तर आजोबा म्हणाले, “शाळा ना? ती आमच्या मागच्या अंगणात आहे.” शाळा बंद झाल्यावर त्यांच्या वडिलांनी ती विकत घेतली आणि हिवाळ्यात बर्फावरून ओढत आणून तिचं धान्याचं कोठार केलं.

कोठार पाहताच शंका उरली नाही. एका लांब भिंतीत खिडक्यांची सलग रांग, सगळ्या फळ्या ठोकून बंद केलेल्या. समोरची भिंत कोरी. प्रकाश डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली पाटीवर पडत नाही, असा तो हिशेब. आत शिरल्यावर फळ्याची जागाही दिसली, भिंतीवर गडद आयत. खिडक्या त्याच्या डावीकडेच. छतात धुराड्याचं बुजवलेलं भोक. खाली सातूचे दाणे. मी बराच वेळ नुसतीच हसत उभी होते.

आता हे लिहिता लिहिताच एक गोष्ट खटकली. एकाच बाजूला खिडक्या ही नंतरच्या आराखड्यांची खूण. पहिल्या पिढीच्या शाळांना सहसा दोन्ही बाजूंना असायच्या. मग ही त्या शाळा-डिस्ट्रिक्टची दुसरी इमारत तर नसेल? पहिली ओंडक्यांची शाळा खरंच एनडब्ल्यू-16 वर असेल तर? शेतांना कुंपणं घातली जाण्याआधी लोक मोजणीच्या रस्त्यांवरून थोडेच जायचे! गाडीवाटा वाटेल तशा तिरप्या जायच्या, आणि दोन वाटा मिळाल्या की तीही चौफुलीच. म्हणजे टंकलेखक कदाचित निर्दोष आहे, आणि पुस्तकाने दोन शाळांच्या आठवणी एकात कालवल्या आहेत.

त्यामुळे बेत बदलतेय. या उन्हाळ्यात मॅनिटोबात गार्डनटन आणि कुक्स क्रीकची चर्च करायची होती, ते पुढे ढकललं. आधी त्या टाऊनशिपचा मूळ मोजणी-नकाशा हवा, कारण तसल्या नकाशांवर तेव्हाच्या वाटा काढलेल्या असतात. स्पिन-2 या अल्बर्टाच्या जमीन-नोंदणीच्या संकेतस्थळावर जुने मालकी-दाखलेही काढीन. शाळेच्या ट्रस्टींच्या नावे जमीन नेमकी कुठल्या क्वार्टरमधून कापली, ते त्यात निघायला हवं.

चर्चच्या आघाडीवर फारसं नवीन नाही. शाळेपासून जवळच्या घुमटवाल्या चर्चची किल्ली ज्या आजींकडे असते, त्या म्हणाल्या की आता वर्षातून एकदाच, ख्रामच्या (चर्चच्या वार्षिक सणाच्या) दिवशी, उपासना होते. तेव्हाच ये, जेवूनही जा. आतली चित्रं पीटर लिपिंस्की या चर्च रंगवणाऱ्या चित्रकाराच्या हातची असावीत अशी मला आशा आहे, पण सही पाहिल्याशिवाय यादीत टाकणार नाही. स्कारोची यात्रा मात्र चुकवायची नाही. तिथली 1919 ची मेरीची दगडी गुहा चर्च बांधणारे पाद्री फादर फिलिप रू यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी आहे, आणि त्यांचंच काम असलेल्या कुक्स क्रीकला जाण्याआधी ती नीट बघितलेली बरी. 14 ऑगस्टच्या संध्याकाळी कोणी येणार असेल तर कळवा, गाडीत जागा आहे.

टाऊनशिपचा नकाशा कोणाकडे स्कॅन केलेला असेल तर वेगळं लिहा, क्रमांक तिथेच सांगते.