पावतीवर ‘दान’ लिहू नका

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पावतीपुस्तकात पाच रकाने होते. वर्गणी, दशांश, उपकारस्तुती, दान आणि इतर. माझे आठ हजार रुपये यांतल्या कशातच बसत नव्हते, आणि तेवढ्यासाठी मला बारा आठवडे थांबावं लागलं. खरं तर खेळ सोडणं, गाडी विकणं, बायकोसमोर बसून सगळं सांगणं, हे मला आधी आठवायला हवं. आठवतं ते पावतीपुस्तक. आजही राग येतो.

मी मिरजेचा. नोकरी सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात हिशेबाला. २०२३ च्या पावसाळ्यात मोबाईलवर पैशाची रमी सुरू केली. पुढच्या दीड वर्षात एकूण किती गेले तो आकडा बायकोला माहीत आहे आणि देवाला माहीत आहे. “जुगार कुठला, हा कौशल्याचा खेळ, सर्वोच्च न्यायालयानेच १९६८ साली तसं म्हटलंय,” असं मी स्वतःला सांगायचो. रात्री एक वाजता बाथरूममध्ये नळ सोडून, आवाज बंद करून पत्ते लावणारा माणूस न्यायालयाचा दाखला देतो तेव्हा त्याला आतून सगळं कळलेलं असतं.

आमच्या मंडळीत मी तरुण संघाचा खजिनदार होतो. मे महिन्यात पाचगणीला शिबिर न्यायचं म्हणून मुलांकडून हप्त्याहप्त्याने पैसे जमवले होते. २०२४ च्या नाताळाच्या आधी त्यातले चाळीस हजार मी खेळात घातले. चोरी करतोय असं एकदाही वाटलं नाही. “आज जिंकलो की ठेवतो” असंच वाटत राहिलं.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार उशिरा कळली. मोह होणं म्हणजे पाप झालंच, अशी माझी समजूत होती. मनात खेळायचा विचार आला की वाटायचं, पडलोच आहे, आता पूर्णच पडू. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय मी लहानपणापासून ऐकलेला, पण त्यातल्या पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. आधी वासना ओढते, मग ती गर्भवती होते, मग पाप जन्मतं, आणि पाप वाढलं की मरण. म्हणजे मधे वेळ असतो. ख्रिस्ताची अरण्यात परीक्षा झाली, तो मोहात पडला नाही, आणि परीक्षा झाली म्हणून कुणी त्याला पापी म्हणत नाही. विचार येणं आणि बोट लावणं यांच्यात जी दोन मिनिटं असतात, ती माझी आहेत, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

५ मार्च २०२५ ला राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना थांबवलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी खुर्ची ओढली, पाणी दिलं. बायकोला आदल्या रात्री सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, “फोनमधलं बँकेचं सगळं माझ्याकडे द्या.” दिलं. मोटारसायकल विकली, पगारातून भर घातली, आणि ३० मार्चला चाळीस हजार शिबिराच्या खात्यात भरले. हे सगळं सांगायला जेवढं सोपं वाटतंय तेवढंच सोपं झालं, खोटं कशाला बोलू.

वर आठ हजार कशाचे? बायबलात लेवीयच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, गणनेच्या पाचव्यातही आहे. दुसऱ्याचं घेतलं असेल तर पूर्ण परत करावं आणि त्यावर पाचवा हिस्सा घालावा. गणनेत तर आधी पाप कबूल करावं असंही आहे. येशूला भेटल्यावर जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट देऊ केलं होतं, माझी तेवढी ऐपत नव्हती. चाळीस हजारांचा पाचवा हिस्सा आठ हजार. ते पाकिटात घालून मी कमिटीच्या सेक्रेटरींकडे गेलो.

सेक्रेटरी माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी पाकीट घेतलं, पावतीपुस्तक काढलं आणि ‘दान’च्या रकान्यावर पेन टेकवलं. मी म्हटलं, “काका, दान नाही हे.”

“मग काय लिहू?”

“परतफेड लिहा. मी घेतले होते म्हणून लिहा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “अरे बाळ, तुझ्या बापाला मी ओळखत होतो. पैसे आले ना परत? दान लिहितो, विषय संपला. कुणाला कळायचं कारण नाही.”

वाचणाऱ्याला वाटेल, किती भला माणूस. भलाच आहे. पण आमच्याकडे दर महिन्याला दान देणाऱ्यांची नावं उपासनेत वाचली जातात. मुलांचे पैसे खेळात घालवणाऱ्या माझं नाव वेदीजवळून देणगीदार म्हणून वाचलं जाणार, आई पहिल्या बाकावर बसून ते ऐकणार, बाजूच्या बाया तिच्याकडे बघून मान हलवणार. माझ्या पायाखालची जमीन सरकली. आणि त्याच क्षणी, लाज वाटते लिहायला, मनात आलं की हो म्हणून टाकावं. रमीचा मोह रात्री यायचा, अंधारात. हा भर दुपारी आला, चहाचा कप पुढे करत, बाळ म्हणत.

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग कमिटीसमोर ठेवावं लागेल.

पाकीट त्यांच्या खणात गेलं. पावती नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली बैठक ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या तयारीमुळे पुढे गेली. एप्रिलअखेर बोलावली, तर कोरम भरला नाही. मे महिन्यात एका सभासदाच्या घरी लग्न निघालं. शिबिर व्यवस्थित झालं, मुलं पाचगणीहून फोटो पाठवत होती, आणि माझी कबुली एका खणात पडून होती. दोनदा मी विचारायला गेलो. “होईल रे, घाई काय आहे?” घाई होती. ज्याने अर्धं सांगितलंय त्याचं उरलेलं अर्धं आत सडायला लागतं. सगळं लपवलं होतं तेव्हा निदान झोप लागत होती. त्या बारा आठवड्यांत खेळायची ओढ आधीपेक्षा दुप्पट झाली. नाही तरी कुणाला ऐकायचंच नाहीये, मग सोडून तरी काय मिळवलं, असं मन म्हणायचं.

तेव्हा मला एका मामांनी धरून ठेवलं. सख्खे नाहीत, मंडळीतले. मिरजेत वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलच्या आवारात आमच्यासारख्या कित्येक घरांच्या पिढ्या वाढल्या, मामाही तिथलेच, आयुष्यभर ड्रेसिंग केलेलं. त्यांचा नियम एकच. रोज रात्री साडेनऊला फोन करायचा. “खेळलास का?” “नाही.” “ओढ लागली होती का?” “हो.” “किती वाजता?” एवढंच. उपदेश नाही. जखम रोज उघडून बघावी लागते, म्हणायचे, वरून पट्टी कोरडी दिसते आणि आत पू असतो. तुम्ही अशा कशातून जात असाल तर आधी असा एक माणूस शोधा, प्रार्थनेच्या आधी शोधा म्हटलं तरी चालेल. एकमेकांजवळ पापं कबूल करा हे याकोबानेच लिहिलंय, पाचव्या अध्यायात, आणि ‘एकमेकांजवळ’ हा शब्द आपण वाचताना गिळून टाकतो.

हो, उपासाचंही सांगायचं राहिलं. बुधवारी उपास धरायचो, आणि कबुलीच्या आधी दोन वेळा मी नेमका उपासाच्याच रात्री घसरलो होतो. सैतान ख्रिस्ताकडे आला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर, भाकरीचीच गोष्ट काढत. माझ्यासारख्याने भुकेल्या पोटी, एकटं, हातात फोन घेऊन बसू नये. आता बुधवारी वेळेवर जेवतो आणि फोन सोडतो. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतो आणि झोपतो दुसऱ्या खोलीत. ॲप काढून टाकण्याचा उपयोग नाही, परत घ्यायला मिनिट लागत नाही. बायबलातल्या योसेफाला मालकाच्या, पोटीफरच्या बायकोने मोहात पाडायला धरलं, तेव्हा त्याने तिच्याशी वाद घालत न बसता अंगरखा तिच्या हातात सोडून पळ काढला. पळायलाही जागा लागते, ती आधी करून ठेवा.

त्या काळात मी प्रभुभोजनालाही, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षारस घ्यायलाही, गेलो नाही. वेदीपाशी दान ठेवायच्या आधी जाऊन भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन मी धरून बसलो. एप्रिल, ईस्टर, मे, जून, लोक पुढे जायचे आणि मी बाकावर. आईने विचारलं, “बरं नाही का रे?” पाळकसाहेब म्हणाले, “हे जेवण निरोग्यांसाठी आहे असं तुला कुणी सांगितलं?” तेव्हा पटलं नाही. आता वाटतं त्यांचंच बरोबर होतं, मी उगाच स्वतःला उपाशी ठेवलं.

२२ जूनला बैठक झाली. मी उभा राहून सगळं सांगितलं, दहा मिनिटंही लागली नाहीत. एक जण खाली बघत राहिले, एकाने डोळे पुसले. मग पुन्हा पावतीचा प्रश्न. ‘दान’ लिहू, ‘इतर’ लिहू, नुसतं ‘जमा’ लिहू. शेवटी पाळकसाहेबांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि ‘इतर’च्या पुढे हाताने लिहिलं: घेतलेल्या रकमेवरील पाचवा हिस्सा, परतफेड. इतिवृत्तात तसंच नोंदवलं, आणि यापुढे माझ्या हाती मंडळीचा पैसा द्यायचा नाही असाही ठराव झाला. तो ऐकताना मला किती हलकं वाटलं हे सांगून पटणार नाही. मला कुणीतरी खरं मानलं होतं.

पुढच्या रविवारी तरुण संघासमोरही सांगितलं. एक मुलगी म्हणाली, “दादा, म्हणजे नाताळात आमचे पैसे नव्हतेच?” नव्हते, म्हणालो. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. ६ जुलैला आईच्या शेजारून उठून वेदीकडे गेलो.

ज्यांचं घेतलं त्यांना सांगा, सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. आणि नुसती प्रार्थना करून भागेना तर डॉक्टरकडे जायला लाजू नका. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणूनही ओळखला जातो. सरकारची टेलीमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर फुकट आहे, मी स्वतः मे महिन्यातल्या एका रात्री तिथे फोन केला होता. देवावरचा विश्वास त्याने कमी झाला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत झाला. यार्डातले म्हणाले, “सुटलास बघ.” आठवड्याभरात त्यांच्यातल्याच एकाने शेअर बाजारातल्या ऑप्शनचा ग्रुप दाखवला, सकाळी घातले संध्याकाळी दुप्पट. हाताला तीच जुनी खाज सुटली. साडेनऊला मामांना सांगितलं. “किती वाजता?” त्यांनी विचारलं.

आता फेब्रुवारी लागलाय. नवी हळद यायला लागली आहे, दुकानात रोख पैसा फिरायला लागलाय, आणि परवा बायको म्हणाली, “वर्ष होत आलं. बँकेचं परत घेता का तुमच्या फोनवर?”

अजून नको, म्हणालो. तिने मान डोलावली आणि भाकरी उलटली.